दसरू पोटावी आणि पुलापलीकडची माणसं

आमच्या बटालियनची शांतिसेनेसाठी निवड झाली तेव्हा मी हवालदार होतो, सिग्नलचा. गाव ब्रह्मपुरीजवळ, वैनगंगेच्या काठाला. ज्या देशात आम्ही गेलो त्याचं नाव इथं लिहीत नाही. तिथं मेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे नातेवाईक आजही एकाच रस्त्याने बाजाराला जातात. माझ्या लिहिण्याने कोणाची खपली निघायला नको. आफ्रिकेतला देश होता, इतकं पुरे.

आमची कंपनी राजधानीपासून फार लांब, एका बाजारगावाच्या कडेला होती. कॅम्प म्हणजे मातीचा बांध, काटेरी तार, पहाऱ्याची दोन मचाणं आणि एक मोठं लोखंडी गेट. गेटासमोरून कच्चा रस्ता जायचा. पुढे एक कोरडा नाला, नाल्यावर छोटा पूल, पुलापलीकडे शाळा. शाळेमागे डोंगरातून खाली आलेल्या लोकांची वस्ती होती. पुलाच्या अलीकडे गाव, तिथं मैदानातले, म्हणजे सपाटीवरचे लोक. दोघांची भाषा जवळजवळ एकच, चर्चही एकच. सुरुवातीला कोण कुठला ते आम्हाला ओळखूच येत नव्हतं.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन आपापल्या मोर्च्यावर हजर. मग पेट्रोल, म्हणजे गस्त, पाण्याच्या टँकरला एस्कॉर्ट, बाजाराच्या दिवशी बाजारात एक सेक्शन, म्हणजे दहा जवान. संध्याकाळी व्हॉलीबॉल. माझी ड्युटी रेडिओ रूममध्ये.

नायक दसरू पोटावी याच कंपनीत सेक्शन कमांडर होता. गडचिरोलीकडच्या धानोरा तालुक्यातल्या जंगलातलं गाव. आमच्या भागातले कंपनीत आम्ही दोघंच. बाकीचे सातारा-सांगलीकडचे. आमचं बोलणं सुरू झालं की ते हसायचे. दसरू मला भाऊ म्हणायचा. आमचं घर बौद्ध, त्यांचं आपल्या पेनाला, म्हणजे गोंडांच्या देवाला मानणारं. घरून आलेलं जवसाचं तिखट आम्ही एकाच डब्यात ठेवायचो.

तो कमी बोलायचा. एकदा पेट्रोलवरून आल्यावर बूट काढता काढता त्यानं मला सांगितलं, "माया गावात दोन बंदुका येत, भाऊ. एक दिवसा पोलिसायची, एक राती जंगलवाल्यायची. दोघंही एकच पुसत, तू कोनाचा? बाबा म्हने, मी या मोहाच्या झाडाचा."

"मंग?"

"मंग मार खाये." तो हसला. "इथी आज एका मानसानं मले तेच पुसलं. तू कोनाचा, डोंगरवाल्यायचा का आमचा. मले बरं नाई वाटलं."

त्या सुमारास आडेला आमच्या गेटावर यायला लागली. पन्नाशीची बाई, डोक्याला रुमाल, जुनी सायकल. पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची. ती लहान असताना त्या भागात एक मोठा नरसंहार झाला होता. त्यात तिचे वडील गेले. नोकरी सोडल्यावर तिनं चार-पाच जणांना घेऊन एक अभ्यासगट काढला. ते गावोगाव जाऊन एकच गोष्ट विचारायचे: मारामारी सुरू होण्याआधीच्या महिन्यांत इथं काय काय बदललं? जे वाचले त्यांना विचारायचे. ज्यांनी मारलं आणि शिक्षा भोगून परत आले, त्यांनाही विचारायचे.

आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब तिला रेडिओ रूमच्या शेजारी बसवायचे. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. इंग्रजी मला बऱ्यापैकी समजत होतं.

साहेबांनी एकदा तिला विचारलं, "जे होऊन गेलं ते विचारून उपयोग काय?"

ती म्हणाली, "एवढी माणसं एका दिवसात मारता येत नाहीत, मेजर. त्याला तयारी लागते. ती महिनोन्महिने चालते आणि सगळ्यांच्या देखत चालते. मागच्या वेळी कोणी तिला तयारी म्हटलं नाही. मी ती बघायला शिकतेय."

मग तिनं बाजाराचं सांगितलं. डोंगरातल्या बायका आणि मैदानातल्या बायका पूर्वी एकाच रांगेत बसून भाजी विकायच्या. आता दोन रांगा झाल्या होत्या. मिठाचा व्यापारी डोंगरवाल्यांना मीठ संपलं म्हणून सांगत होता. दोन ठरलेली लग्नं मोडली होती. मैदानातल्या तरुणांना कोणीतरी नवे कोयते फुकट वाटत होतं. आणि स्थानिक रेडिओवर रोज संध्याकाळी एक माणूस बोलत होता. तो डोंगरवाल्यांचं नाव घेत नव्हता. त्यांना तो तण म्हणत होता. निंदणाची वेळ आली आहे, असं रोज सांगत होता.

आम्ही धानाच्या मुलखातले. निंदण म्हणजे पाण्यात वाकलेल्या बाया, त्यांची गाणी, बांधावर ठेवलेली आंबील. रात्री जेवताना मी हे दसरूला सांगितलं.

तो घास हातात धरून थांबला. "आता कायची निंदाई, भाऊ? पाऊस नाई, पीक नाई."

पुढच्या खेपेला आडेला आली तेव्हा मी धीर करून तिला दसरूचं म्हणणं सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तिथल्या प्रत्येक माणसाला हे माहीत आहे, हवालदार. पीक नाही हे सगळ्यांना दिसतंय."

ती नुसता अभ्यास करून थांबली नाही. मैदानातले एक पाद्री आणि डोंगरातला एक म्हातारा मुखिया यांना घेऊन ती दर बाजाराला डोंगरातल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसायची. तिथूनच भाजी घ्यायची, तिथंच जेवायची. रेडिओवर एखादी अफवा आली की ज्या गावाची ती अफवा, त्या गावात स्वतः जायची आणि रविवारी चर्चमध्ये उभी राहून काय पाहिलं ते सांगायची. काही लोक ऐकायचे. तिच्या अंगावर एकदा चिखल फेकला गेला. पुढच्या बाजाराला ती धुतलेला तोच झगा घालून आली.

मेजर साहेबांनी वर, सेक्टर हेडक्वार्टरला रिपोर्ट पाठवले. मीच पाठवले. उत्तर यायचं: स्थितीवर लक्ष ठेवा, कळवत राहा. मग साहेबांनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. वेळ आलीच तर शाळेमागची वस्ती पूल ओलांडून कॅम्पात आणायची, असं ठरलं. दसरूच्या सेक्शनने आडेलासोबत त्याची तालीम घेतली. म्हाताऱ्या बायकांना ते नाटक वाटलं. एकीने दसरूला पाठीवर बसवून नेशील का म्हणून विचारलं. तो खाली वाकला. सगळी वस्ती हसली. मी गेटावरून पाहत होतो.

त्यानंतर बाजाराचा एक दिवस आला. दसरूचं सेक्शन सकाळी गावात गेलं आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज सेटवर आला.

"कंट्रोल, ब्राव्हो टू. बाजारात बायका नाहीत. पोरं नाहीत. फक्त गडी माणसं. ओव्हर."

साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. बाया-पोरं घरी ठेवली म्हणजे आजच, हे आडेलानं सांगून ठेवलं होतं. "त्याला शाळेकडे पाठव. वस्ती हलवायची. आत्ता."

शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टननी विचारलं, "सर, सेक्टरची परवानगी?"

"मागतो. तोवर हलवा."

मी दसरूला ऑर्डर दिली. सेक्टर हेडक्वार्टरला मेसेज दिला. उत्तर आलं, "वेट. आउट." साहेबांनी गेट उघडायला आणि क्यूआरटी, म्हणजे तातडीची कुमक, काढायला सांगितलं.

लोक येऊ लागले. गाठोडी, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. तालीम झाली होती, म्हणून गोंधळ झाला नाही. मुलांचे हात धरून बायका पुढे, मागे पुरुष. आडेला शाळेच्या दारात उभी राहून एकेका घराला हाक मारत होती, असं सेक्शनच्या जवानांनी नंतर सांगितलं. मग गावाच्या टोकाला धूर दिसला. मचाणावरचा सेंट्री ओरडला की नाल्यातून माणसं येत आहेत, कोयते आहेत, बंदुका आहेत.

"कंट्रोल, ब्राव्हो टू. फायर येऊन राह्यला. पुलावर लोक आहेत. ओव्हर."

"ब्राव्हो टू, कंट्रोल. क्यूआरटी निघाली. लोकांना घेऊन पूल सोडा. ओव्हर."

"पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोझिशन घेतली आहे. लोक पार झाले का सोडतो. ओव्हर."

गोळीबार आम्हाला दोनदा ऐकू येत होता. एकदा हवेतून, एकदा सेटमधून. लोक गेटातून येतच होते. साहेब खिडकीपाशी दुर्बीण लावून उभे होते.

"भाऊ." सेटवर असं बोलायचं नसतं. कॉल साइन नाही, ओव्हर नाही. "भाऊ, एक बुढी बसली शाळेपाशी. उठून नाई राह्यली. बाई मांगं गेली तिले आनाले."

"कोण बाई?"

"आपली. सायकलवाली."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "ब्राव्हो टू, जागेवर राहा. क्यूआरटी पोचते आहे. ओव्हर."

"तवरोक नाई होत, भाऊ. ते गडी शाळेकडं वळले. जवळच हाय. मी आनतो दोघीले."

मी पुन्हा ऑर्डर दिली. सेट नुसता खरखरत होता. मग दुसऱ्याच जवानाचा आवाज आला, आमच्या कराडच्या पोराचा. "कंट्रोल, ब्राव्हो टू. कमांडर हिट. कमांडर हिट."

क्यूआरटीच्या गाड्या पुलावर पोचल्या तेव्हा नाल्यातले लोक पळाले. दसरू पूल आणि शाळेच्या मधे पडला होता, तोंड शाळेकडे. आडेला आणि ती म्हातारी शाळेसमोरच्या झाडाखाली होत्या. आडेलाचा हात म्हातारीच्या बगलेत होता, कोणाला उठवताना घालतो तसा. दोघींवर कोयते चालले होते. शाळेमागची बाकीची वस्ती आत आली होती.

दुपारी सेक्टरचा मेसेज आला. वस्ती हलवण्यास परवानगी देण्यात येत आहे. मी तो लिहून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

गावापासून लांब एक नदी होती, तिच्या वरच्या अंगाला डोंगरवाल्यांची आणखी गावं होती. आडेलानं त्यांचंही सांगितलं होतं. तिथं आमचा कॅम्प नव्हता, दुसऱ्या कोणाचाही नव्हता. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही तिथं पोचलो. तेव्हा मीही गाडीत सेट घेऊन होतो. चुलींवर भांडी होती. अंगणात वाळत घातलेला मका होता. गाव शांत होतं. पुढं काय पाहिलं ते मी साहेबांच्या रिपोर्टसाठी सांगितलं आहे, इथं लिहिणार नाही. त्यातलं एक गाव आडेलाच्या आईचं होतं. तिची आई, बहीण, भाचरं, कोणी राहिलं नव्हतं. त्या गावांत महिनाभर आम्ही खड्डे खणले. व्हॉलीबॉलचं नेट पुन्हा कोणी लावलं नाही.

ते काम चालू असतानाच दसरूचं पार्थिव घेऊन मी नागपूरला उतरलो. तिथून लष्करी गाडी. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, धानोरा. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर जीपवाले सवाऱ्यांना हाका मारत होते. गाडीवरचा तिरंगा पाहून त्यांनी जीपा बाजूला घेतल्या. माझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी खाली उतरलो नाही.

दसरूच्या घरी त्याचे वडील मंगरूबाबा आणि आई. बायको नव्हती, लग्न त्या उन्हाळ्यात करायचं होतं. सलामी झाली. आमच्यासोबतच्या अधिकाऱ्यांनी दोन शब्द सांगितले. मंगरूबाबांनी ते ऐकून घेतले. मग मला बाजूला नेलं.

"तू होतास का तिथी?"

"होतो, बाबा. त्याचं शेवटचं बोलनं मायासंगच झालं."

"कोनं मारलं?"

"तिथल्या लोकायनं."

"ते याले वळखत होते?"

"नाई, बाबा."

"आनं त्या बाया? त्यायले वळखत होते?"

"हो. शेजारीच राहत."

"मंग काऊन?"

म्हाताऱ्याला गोंडीत कोणीतरी हाक मारली, तो गेला.

नोकरीची उरलेली वर्षं मी तो प्रश्न घेऊनच काढली. आडेलाच्या गटातले दोघं जिवंत होते. त्यांनी काम सोडलं नव्हतं. त्यांचे लेख मला ईमेलवर येत. इंग्रजी अवघड, तेव्हा सुटीत ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडे घेऊन बसायचो. नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि माजरीला कोळसा खाणीवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. कॉलेजं, आयटीआय, बुद्धविहार, जिथं बोलावतील तिथं जाऊन मी हे सांगतो. माणसाला तण म्हणणारा माणूस सुरुवातीला एकटाच असतो आणि त्याला हसणारे पुष्कळ असतात, एवढं मला कळलं आहे. मंगरूबाबाच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून माझ्याजवळ नाही.

गेल्या साली माजरीतलं एक सांगतो. खाणीच्या कॉलनीबाहेरच्या मोकळ्या जागेत जडीबुटी विकणाऱ्या भटक्या लोकांनी पालं टाकली होती. फोनवर मेसेज फिरू लागला, पोरं पळवणारी टोळी आली आहे. चहाच्या टपरीवर माझ्याच शिफ्टचा गार्ड, बंडू, म्हणत होता, "हे कचरा हाय. एक दिवस झाडूनच टाका लागते."

दोघं-चौघं हसले. माझ्या हातातला चहाचा ग्लास मी खाली ठेवला.

"बंडू, तू गेलास का तिकडं?"

"मी काऊन जाऊ?"

"चाल मायासंग. आता."

तो आला, कारण मी त्याचा सुपरवायझर होतो. पालात एक म्हातारा होता, दोन सुना, चार लहान पोरं. त्यांनी आम्हाला बसायला गोणपाट दिलं, चहा केला. एका सुनेनं बंडूला विचारलं, "भाऊ, राती इथी गोटे कोन मारते?" बंडू खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी सरपंचबाईंना नेलं, तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईंना. त्यांनी पालातल्या पोरांची वजनं घेतली. पोलीस ठाण्यात सांगून आलो. मेसेज खोटा असल्याचं बंडूनंच आपल्या ग्रुपवर टाकलं. ती माणसं जितके दिवस राहायची तितके दिवस राहिली आणि राजुऱ्याकडे निघून गेली.

काहीच झालं नाही. म्हणून बातमी आली नाही आणि कोणाला ते आठवतही नसेल. आडेला म्हणायची, तिचं काम जमलं की दाखवायला काही उरत नाही. तिच्या हयातीत तिला तो आनंद फारसा मिळाला नाही.

दसरू गेला त्या दिवशी मी दर वर्षी धानोऱ्याकडे त्याच्या गावी जातो. गावाबाहेर, साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखाली त्यांच्या मेलेल्यांचे दगड उभे आहेत, मोठे, लहान, तिरपे झालेले. त्यात दसरूचा. मंगरूबाबा दर वेळी मला ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावतात. पुलापर्यंत आलं की हात वर करून थांबवतात आणि म्हणतात, "सावकाश सांग."

एका वर्षी सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दोघी बायायचा दगड कोनं लावला?"

"कोनी नाई, बाबा. आम्ही पुरलं त्यायले, क्रूस लावला लाकडाचा. आता असन का नसन, मालूम नाई."

"त्यायचं कोनी?"

"बाईचं सारं गाव गेलं. बुढीचं कोनी समोर नाई आलं."

दसरूच्या आईनं मला भात वाढला.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा दसरूच्या दगडाच्या डाव्या अंगाला दोन नवे दगड होते. एवढे दगड नाल्यातून वर आणायला माणसं लागतात, बैल लागतात. सगळं गाव लागलं होतं. गायता, म्हणजे त्यांचा पुजारी, मोहाची दारू घेऊन आला होता. गावातल्या बायका तांदूळ घेऊन आल्या होत्या. त्यातल्या कोणीही धानोऱ्याच्या पलीकडचा देश पाहिलेला नव्हता.

गायत्यानं दसरूच्या दगडावर थेंब सोडले, मंगरूबाबांनी नाव घेतलं. दुसऱ्या दगडापाशी त्यांनी माझ्याकडून नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि मग स्वतः म्हणाले, "आडेला." बायकांनीही म्हटलं. तिसऱ्या दगडापाशी ते थांबले.

"इचं?"

"मालूम नाई, बाबा. कोनालेच मालूम नाई."

ते गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसले. दगडावर हळद लावली, तांदूळ लावले. तळहात बराच वेळ तसाच ठेवला.

"बुढी," ते म्हणाले, "तुले आनाले आला होता तो मायाच पोरगा. नाई पोचला. तू राग नको ठेवू."

गायत्यानं थेंब सोडले. मी टोपी नीट केली, सावधान उभा राहिलो आणि तिन्ही दगडांना सॅल्यूट केला.